मॉनिटर काळा, पण लाइट हिरवा: माझा अनुभव

१९ इंची जुना एलसीडी मॉनिटर. चालू केला की दोन सेकंद चित्र, मग अंधार. पॉवरचा लाइट मात्र हिरवाच. केबल आणि ग्राफिक्स कार्ड इथेच संशयातून बाद झाली, कारण सिग्नल नसता तर ‘नो सिग्नल’ आलं असतं किंवा लाइट पिवळा होऊन लुकलुकला असता.

खोलीत अंधार करून टॉर्च पडद्यावर तिरपी धरली. आयकॉन पुसट दिसले. म्हणजे पॅनल ठीक, मागचा उजेड गेलेला.

प्लग काढून अर्धा तास थांबलो. घाई नको: मोठ्या ४५० व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चार्ज उरू शकतो, तेव्हा मीटरने तपासूनच हात लावायचा. पॉवर बोर्डवर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले, एकाच्या टोकाला तपकिरी खरपुडी. ते सुकले की इन्व्हर्टरला (मागच्या उजेडाच्या ट्यूब पेटवणारं सर्किट) स्थिर व्होल्टेज मिळत नाही आणि संरक्षण सर्किट ट्यूब बंद करतं.

नवे घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे आणि लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे). ८५ अंशांवाले स्वस्त पडतात, पण त्या गरम पेटीत फार टिकत नाहीत. पांढऱ्या पट्टीची बाजू ऋण. उलटा लावला तर फुटतो. डाग दिला, पाय कापले, झाकण बसवलं. चित्र टिकलं.

कपॅसिटर बदलूनही अंधारच राहिला, तर संशय ट्यूब किंवा इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरवर.