टायसन ‘सर्वकालीन महान’ आहे का? हा वाद घालताना या चुका टाळा

माइक टायसनचं नाव निघालं की बॉक्सिंगप्रेमींचे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, त्या टायसनसमोर कुणीच टिकलं नसतं. दुसरा म्हणतो, खरा तगडा माणूस समोर आला तेव्हा टायसन हरलाच. दोन्ही बाजूंकडे खरे पुरावे आहेत, तरी वाद तासभर जागच्या जागी फिरत राहतो. दोष पुराव्यांचा नसून ते मांडण्याच्या पद्धतीचा आहे. मी इथे टायसनचंच उदाहरण धरलंय, कारण या वादात होणारी जवळजवळ प्रत्येक चूक त्याच्या बाबतीत होते. मेवेदर, रॉय जोन्स, चावेझ या बॉक्सरांबद्दल भांडतानाही याच चुका होतात.

प्रश्न न ठरवताच भांडायला बसणं

‘महान’ म्हणताना एकाच्या डोक्यात बॉक्सर ऐन भरात असताना किती घातक होता हे असतं. दुसरा अख्ख्या कारकिर्दीचा हिशेब मांडत असतो. तिसऱ्याला त्याने खेळावर आणि लोकांवर केलेला परिणाम दिसतो. या तिन्ही प्रश्नांना टायसनची उत्तरं वेगवेगळी आहेत. २२ नोव्हेंबर १९८६ ला ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत लोळवून तो २० व्या वर्षी हेवीवेटचा, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचा, सर्वांत तरुण विश्वविजेता झाला. पुढच्या वर्षभरात त्याने डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए आणि आयबीएफ या तीन संघटनांचे विश्वविजेतेपदाचे बेल्ट एकत्र केले. भराचा विचार केला तर त्याच्या वरचढ माणसं शोधावी लागतील. कारकिर्दीचं तसं नाही. तेव्हा आधी कोणता प्रश्न घ्यायचा ते ठरवा, मग बोला.

२०११ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, हा मुद्दाही इथे पुरत नाही. तिथे शेकडो नावं आहेत. सर्वकालीन महान म्हणजे त्या शेकड्यांतले मोजके.

क्लिप बघून मत बनवणं

ही सर्वांत मोठी चूक, आणि टायसनइतकी ती दुसऱ्या कुणाबाबत होत नसेल. बर्बिक एकाच फटक्यावर तीनदा कोलमडतो, किंवा जून १९८८ मध्ये तोवर एकदाही न हरलेला मायकल स्पिंक्स ९१ सेकंदांत संपतो, ही दृश्यं एकदा पाहिली की डोक्यातून जात नाहीत. पण क्लिपमध्ये शेवटचा फटका दिसतो, तो कसा तयार झाला ते दिसत नाही.

टायसनची खरी कला त्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत होती. ५ फूट १० इंचांचा हा माणूस स्वतःहून उंच, लांब हातांच्या लोकांशी लढत होता. दोन्ही ग्लोव्ह गालांना चिकटवून तो डोकं सतत डावी-उजवीकडे हलवत पुढे सरकायचा. समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ फटका) कानाजवळून गेला की हा आत शिरलेला असायचा. मग उजव्या हाताने बरगड्यांवर हूक (बाजूने वळवून मारलेला फटका), त्याने समोरच्याची कोपरं खाली आली की त्याच हाताने हनुवटीखाली अपरकट (खालून वर मारलेला फटका). त्याचा प्रशिक्षक कस डामाटो याने घडवलेली ही पद्धत होती. तिच्यात पाय, कंबर आणि डोकं एकाच तालात चालावं लागतं. १९८८ मध्ये प्रशिक्षक केव्हिन रूनीशी फारकत झाल्यावर डोक्याची ती हालचाल हळूहळू कमी होत गेली आणि टायसन एकेका फटक्यावर विसंबू लागला. हे समजायला १९८६ आणि १९९१ मधली एकेक लढत पूर्ण बघावी लागते.

‘तो सगळ्यांना पहिल्या फेरीत उडवायचा’ हा समजही क्लिपांतूनच येतो. मे १९८६ मध्ये जेम्स टिलिस आणि मिच ग्रीन हे दोघंही त्याच्यासमोर दहाच्या दहा फेऱ्या उभे राहिले. १९८७ मध्ये जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथ आणि टोनी टकर यांनी बाराही फेऱ्या काढल्या. स्मिथ जवळजवळ संपूर्ण लढत क्लिंच करत, म्हणजे टायसनला मिठी मारून धरत, राहिला आणि टायसनला त्यावर उपाय सापडला नाही. नऊ वर्षांनी इव्हॅन्डर होलिफील्डने त्याला जवळ धरून, रेटून दमवलं, त्याची चुणूक इथेच दिसली होती.

विजयांचा आकडा फेकणं

५० विजय, त्यांतले ४४ नॉकआऊट. आकडा जोरदार आहे, पण बॉक्सिंगमध्ये आकडा एकटा काही सांगत नाही. प्रतिस्पर्धी बरेचदा निवडून घेता येतो, त्यामुळे कुणाला, केव्हा आणि कसं हरवलं हे विचारावंच लागतं. मेवेदरचा पन्नासावा विजय २०१७ मधला, कॉनर मॅकग्रेगरवरचा. मॅकग्रेगरची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत होती. रॉकी मार्सियानोचे ४९-० (४९ विजय, एकही पराभव नाही) म्हणजे अढळ महानता, असंही आपोआप ठरत नाही. मात्र त्यातली एक लढत पूर्ण बघा: सप्टेंबर १९५२, समोर जर्सी जो वॉलकॉट. मार्सियानो पहिल्याच फेरीत खाली पडला, गुणांवर मागे राहिला आणि तेराव्या फेरीत एका उजव्या फटक्याने विश्वविजेता झाला. माझ्या लेखी उरलेल्या ४८ विजयांपेक्षा ती एक लढत जास्त बोलते.

उलट बाजूनेही हेच. शुगर रे रॉबिन्सनच्या नावावर १९ पराभव आहेत. पण व्यावसायिक कारकिर्दीच्या पहिल्या दहा वर्षांत तो फक्त एकदा, जेक लामोटाकडून, हरला होता. त्याच लामोटाला त्याने पाच वेळा हरवलं. बाकीचे पराभव १९५१ पासूनचे, त्यांतले बरेचसे चाळिशीतले.

आपल्या माणसाला एक फूटपट्टी, दुसऱ्याला दुसरी

मला सर्वांत जास्त खटकते ती ही चूक. टायसनचे चाहते म्हणतात की २००४ मधला डॅनी विल्यम्सकडचा आणि २००५ मधला केव्हिन मॅकब्राइडकडचा पराभव धरू नका, तो संपला होता. मान्य, पूर्ण मान्य. मग जानेवारी १९८८ मधला लॅरी होम्सवरचा विजयही त्याच मापाने मोजा. होम्स तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि १९८६ नंतर रिंगमध्ये उतरलेला नव्हता. टायसनने त्याला चौथ्या फेरीत पाडलं हे खरं, पण ज्या होम्सने सात वर्षं हेवीवेटवर राज्य केलं तो हा होम्स नव्हे.

वयाची सबब अजून एका ठिकाणी फसते. ‘लुईसने म्हाताऱ्या टायसनला हरवलं,’ असं नेहमी ऐकू येतं. २००२ मध्ये मेम्फिसला झालेल्या त्या लढतीत लेनॉक्स लुईस टायसनपेक्षा वयाने मोठा होता. इव्हॅन्डर होलिफील्ड तर टायसनहून जवळजवळ चार वर्षांनी मोठा. शरीर किती झिजलंय हा वयापलीकडचा प्रश्न आहे आणि टायसन लवकर झिजला, हे मी नाकारत नाही. फक्त मग ‘म्हातारा’ म्हणू नका. तो लवकर का झिजला ते विचारा, कारण भर किती काळ टिकवला हा कारकिर्दीच्याच हिशेबाचा भाग आहे.

न झालेल्या लढतींचे गुण देणं

‘तुरुंगात गेली नसती तर ती वर्षं त्याचीच होती.’ टायसन १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि १९९५ मध्ये सुटला. ती वर्षं कुणी त्याच्याकडून हिरावून घेतली नव्हती, आणि तसं बोलणं त्या पीडितेवर अन्याय करणारं आहे. महंमद अलीची १९६७ ते १९७० ही वर्षं व्हिएतनाम युद्धासाठी भरती व्हायला नकार दिल्यामुळे गेली. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. दोन्ही खंड एका तराजूत घालता येत नाहीत. आणि खरं तर अलीलाही त्या काळातल्या न झालेल्या लढतींचे गुण कुणी देत नाही. त्याचं मोठेपण परतल्यावर त्याने काय केलं त्यात आहे.

कल्पनेतल्या लढतींचंही तेच. ‘१९८८ चा टायसन १९७४ च्या अलीला हरवेल का?’ गप्पांना छान, पुराव्याला निरुपयोगी. जो फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं. जॉर्ज फोरमनने १९७३ मध्ये त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. मग १९७४ मध्ये अलीने किन्शासात फोरमनला आठव्या फेरीत नॉकआऊट केलं. प्रत्यक्ष झालेल्या लढतींतही ‘अ’ने ‘ब’ला हरवलं म्हणजे ‘क’लाही हरवेल असा हिशेब लागत नाही, तिथे न झालेल्या लढतींचं काय घेऊन बसायचं?

बेल्ट आणि वजनगट मोजत बसणं

याबद्दल थोडक्यात. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये एकाच वेळी तीन वजनगटांची विश्वविजेतेपदं राखली, तेव्हा मुख्य गट आठच होते. आज किमान सतरा गट आणि चार मोठ्या संघटना आहेत. पॅकियाओने आठ गटांत विजेतेपद मिळवलं हे अफाटच आहे, पण नुसते बेल्ट शेजारी ठेवून दोन काळांची तुलना होत नाही.

टोकियोवर गाडी अडली तर

११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत टायसन बस्टर डग्लसकडून हरला, ती लढत आली की वाद हमखास तापतो. सट्टेबाजांनी डग्लसला ४२ ला १ असा भाव दिला होता. आठव्या फेरीच्या शेवटी टायसनच्या अपरकटने डग्लस खाली पडला. रेफरीने मोजणी उशिरा सुरू केली, म्हणून तिथेच टायसन जिंकला होता, असा दावा होतो. पण बॉक्सरने रेफरीच्या मोजणीवर उठायचं असतं, घड्याळावर नव्हे, आणि डग्लस रेफरीकडे बघत वेळेत उठला. शिवाय तेवढे सेकंद सोडले तर दहा फेऱ्यांत काय दिसतं? डग्लसचा जॅब टायसनच्या तोंडावर बसत राहतो. टायसनचा डावा डोळा मिटत चाललाय आणि त्याच्या कॉर्नरमधल्या मदतनिसांकडे सूज दाबायचं धातूचं साधनही नाही, म्हणून ते रबरी मोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्याला लावतायत. दहाव्या फेरीत टायसन पडतो, हातापायांवर रांगत माउथगार्ड शोधतो आणि वाकडातिकडा तोंडात कोंबतो.

गंमत म्हणजे तोवर एका जजच्या कार्डावर टायसन ८७-८६ असा पुढे होता, दुसऱ्याकडे बरोबरी होती, तिसऱ्याकडे डग्लस ८८-८२ असा पुढे. म्हणून कार्डांवर विसंबू नका. आवाज बंद करून लढत लावा आणि स्वतः गुण द्या: फेरी जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९, पडला तर साधारणपणे ८. दोन्ही तटांनी असं केलं की निम्मा वाद तिथेच मिटतो. तरी अडलात तर प्रत्येकाने आपल्या बॉक्सरचे पाच सर्वोत्तम विजय लिहावेत आणि पुढे तो प्रतिस्पर्धी त्या दिवशी कसा होता तेही लिहावं.

टायसनची यादी मी अशी करतो: स्पिंक्स, टकर, पिंकलन थॉमस, रॅझर रडॉक, बर्बिक. चांगली यादी आहे. १९८७ ते १९८९ मध्ये त्याने विजेतेपद नऊ वेळा राखलं, हेही थोडं नाही. पण पडल्यावर उठून जिंकलेली एकही लढत तिच्यात नाही, कारण अशी लढत त्याच्या कारकिर्दीतच नाही. होम्स १९७९ मध्ये अर्नी शेव्हर्सच्या फटक्याने पडला आणि उठून जिंकला. जो लुईस टोनी गॅलेन्टोसमोर पडला आणि उठून जिंकला. लेनॉक्स लुईसने आपल्याला हरवणाऱ्या दोघांनाही परत हरवलं. म्हणून हेवीवेटच्या माझ्या पहिल्या दहात टायसन आहे, पण अली, जो लुईस, होम्स, फोरमन, लेनॉक्स लुईस आणि होलिफील्ड यांच्या खाली. १९९६ मध्ये होलिफील्डने सहाव्या फेरीत पाडल्यावर तो उठून जिंकला असता, तर मी त्याला फोरमनच्या शेजारी नेऊन ठेवलं असतं.