हॉस्पिटलचं बिल भरण्याआधी तपासलं, माझा अनुभव

नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमधून आईला सुट्टी मिळाली आणि एका पानाचं बिल हातात आलं. ‘औषधे व साहित्य’ समोर एकच मोठी रक्कम. मी तपशीलवार बिल मागितलं. टाळाटाळ सुरू झाली, तेव्हा लेखी अर्ज देऊन पोच घेतली. थोड्याच वेळात पानं आली.

मग वॉर्डातल्या सिस्टरकडे बसून औषधांच्या चार्टशी एकेक ओळ जुळवली. खरी गफलत तिथेच सापडली. सलाइन कधीच बंद झालं होतं, पण बाटल्या आणि आयव्ही सेट (सलाइनची नळी) बिलात सुट्टीच्या दिवसापर्यंत लावलेले. मेडिकलला परत केलेली इंजेक्शनंही वजा नव्हती. परतीची पावती जपली होती म्हणून वाद वाढला नाही. एमआरपी मात्र बरोबर निघाली.

महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं, त्याचा फोटो काढून ठेवा. ऐकलंच नाही तर महापालिकेचा आरोग्य विभाग आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मला गरज पडली नाही. बिलिंगवाल्यांनी दुरुस्त बिल दिलं, मगच पैसे भरले.

कॅशलेस असलं तरी हे बघाच. जास्तीची रक्कम तुमच्याच विम्याच्या मर्यादेतून जाते.