फवारणीचा ड्रोन उडताच पडतो? वाऱ्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

मोहोर फुटला की देवगडपासून गुहागरपर्यंत आंब्याच्या कलमांच्या बागांत फवारणीच्या ड्रोनची घरघर सुरू होते. मग दुरुस्तीवाल्याच्या दारात रांग लागते : मोडलेली पाती, वाकलेले पाय, तडकलेली टाकी. काय झालं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अचानक वारा आला हो." पण उचलल्यावर दहा-पंधरा सेकंदांत आडवा होणारा ड्रोन बहुतेक वेळा उडण्याआधीच बिघडलेला असतो. पाहायचं राहून गेलेलं असतं, एवढंच.

फवारणीच्या विमानांनाही हाच काळ सगळ्यात धोक्याचा. टाकी काठोकाठ भरलेली, वेग बेताचा आणि उंची जेमतेम. इंजिन कुरकुरलं तर सावरायला जागाच नाही. म्हणून त्या विमानांत टाकीतलं सगळं औषध एका झटक्यात खाली सोडून द्यायची सोय असते. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने (एचएएल) याच कामासाठी 'बसंत' नावाचं विमान बनवलं होतं, १९७२ साली ते पहिल्यांदा उडालं. कोकणातल्या उतारांवर आणि माडांच्या गर्दीत असलं विमान चालायचं नाही, ते सोडा. पण भरल्या टाकीचा धोका ड्रोनलाही तोच आहे, आणि भार झटकून टाकायची ती सोय त्याच्याकडे सहसा नसते. नवी पाती, नवी मोटर किंवा दुरुस्ती झाल्यावरचं पहिलं उड्डाण तरी औषधाशिवाय करा. टाकीत चार-पाच लिटर साधं पाणी घ्या आणि डोक्याएवढ्या उंचीवर मिनिटभर स्थिर धरून बघा.

हातभर उचलला आणि कोलांटी खाल्ली

आधी पाती बघा. शेजारशेजारच्या मोटरी उलटसुलट दिशेने फिरतात, त्यामुळे पातीही दोन प्रकारची असतात आणि त्यांच्या बुडाशी तशी खूण असते. घाईघाईत टॉर्चच्या उजेडात पाती बदलली की अदलाबदल ठरलेली. चुकीचं पातं त्या कोपऱ्याला उचलत नाही, उलट खाली दाबतं, आणि ड्रोन त्याच अंगावर पडतो. मोटर बदलताना वायरींची अदलाबदल झाली तरी परिणाम हाच. पाती काढून ठेवा, मोटरी नुसत्या चालवा आणि प्रत्येकीची दिशा डोळ्यांनी बघून घ्या.

दुसरा संशयित म्हणजे दुमडत्या हातांचा लॉक. जीपमधून काढला, हात उघडले, लॉक अर्धवट फिरवला. जमिनीवर असेपर्यंत काही कळत नाही, भार आला की हात मिटतो. चारही हात एकेक करून धरा आणि जोर लावून हलवा. जरा जरी खुळखुळला तरी उडवू नका.

आणि जागा. जांभ्याच्या कातळावर सपाट जागा मिळणं कठीण, त्यात सुकं गवत. एक पाय गवतात अडकला की बाकीचे तीन आधी उचलतात आणि ड्रोन कलंडतो. खाली प्लायवूडचा तुकडा टाका. ताडपत्री मात्र नको. कडा दाबलेल्या नसतील तर ती वर उडून पात्यांत जाते.

वर गेला आणि गोल गोल फिरत लांब निघाला

हा कंपासचा, म्हणजे ड्रोनमधल्या होकायंत्राचा घोळ. गाडीच्या बॉनेटशेजारी, लोखंडी गेटजवळ किंवा सळयांच्या स्लॅबवर त्याचं कॅलिब्रेशन केलं, म्हणजे दिशा जुळवून घेतली, की ड्रोनला दिशाच चुकीची कळते. मग तो चूक सुधारायला जातो आणि वर्तुळ वाढत जातं. मांगरापासून (बागेतल्या खोपीपासून), गाडीपासून लांब मोकळ्यावर जा, खिशातला मोबाइल आणि कोयता बाजूला ठेवा आणि मगच कॅलिब्रेट करा. जीपीएस पक्कं होऊन होम पॉइंट, म्हणजे परत यायची जागा, नोंदला जाईपर्यंत उचलू नका. घरी परतायची उंचीही बागेतल्या सगळ्यात उंच माडाच्या वर ठेवलेली हवी, नाहीतर सिग्नल तुटला की ड्रोन सरळ झावळ्यांत.

आवाज बसला आणि ड्रोनही बसला

बॅटरी शंभर टक्के दाखवते म्हणून ती धडधाकट असते असं नाही. ही बॅटरी अनेक सेल जोडून बनते आणि लिथियम पॉलिमरचा भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. जुना सेलही तेवढेच दाखवेल, पण भरली टाकी उचलताना त्याचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. एकूण आकड्यावर जाऊ नका. प्रत्येक सेलचा आकडा वेगळा बघा, एखादा मागे राहत असेल तर ती बॅटरी बाजूला काढा. फुगलेली तर हातातसुद्धा घेऊ नका. दोन फवारण्यांच्या मधे बॅटरी पूर्ण भरून मांगरात ठेवायची सवय फार जणांना आहे. सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवली तर ती जास्त टिकते.

किनाऱ्यालगत बॅटरी जोडायच्या कनेक्टरांचंही बघावं लागतं. खाऱ्या हवेने त्यावर हिरवट पूड धरते, जोड तापतो आणि नेमका जोर लागतो तेव्हा वीज कमी पडते. कनेक्टर काळवंडला असेल तर घासत बसू नका, बदलून टाका.

आणि वारा?

वाराही पाडतो, नाही म्हणत नाही. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आणि कलमांच्या आडोशाला खाली पान हलत नसतं, पण शेंड्याच्या वर ड्रोन गेला की वारा त्याला धरतो. आंबे उतरवायच्या झेल्याच्या काठीला चिंधी बांधून उंच धरा, लगेच कळेल. खारे वारे सुटायच्या आत, सकाळीच काम उरका. औषधही शेजारच्याच्या बागेत जात नाही.

पडलाच तर

धावत सुटू नका. रिमोटवरून मोटरी बंद करा, पाती थांबली की हातमोजे घालून जवळ जा आणि बॅटरी सोडवा. आपटलेली बॅटरी काही वेळाने पेट घेऊ शकते, तेव्हा ती गाडीत टाकू नका. उघड्यावर, गवतापासून लांब ठेवा आणि शेजारी वाळूची बादली असू द्या. बाग चिपी किंवा रत्नागिरी विमानतळाच्या आसपास असेल, तर ती 'डिजिटल स्काय' या सरकारच्या ड्रोनसाठीच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मच्या नकाशावर कुठल्या रंगात येते हे उडवायच्या आधीच पाहायचं असतं. पिवळ्या भागात परवानगी लागते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत त्याच प्लॅटफॉर्मवर द्यावी लागते. ड्रोन उचलण्याआधी पडलेल्या अवस्थेतले फोटो काढा आणि दुरुस्तीला पाठवण्याआधी उड्डाणाचा लॉग (ड्रोनने ठेवलेली नोंद) उतरवून घ्या. विमेवाला दोन्ही मागतो.