कलमं सांभाळून गुलमर्ग: बारा महिन्यांत कधी आणि कसं जावं

गुलमर्गला कधी जायचं हे बाकीचे लोक बर्फ बघून ठरवतात. आमच्या रत्नागिरीकडचा माणूस आधी कलमांकडे बघतो. मोहोराची फवारणी, शिमगा, आंबा, लावणी, गणपती, कापणी यांतून जे दिवस उरतील त्यांत काश्मीर बसवायचं असतं. म्हणून पहिलं काम हे, की भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि आपले अडकलेले महिने खोडून टाका.

बर्फ हवा असेल तर उरलेल्यांत फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा. 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस काश्मिरी लोक ‘चिल्लई कलां’ म्हणतात, थंडीचा कळस तो. त्यानंतर बर्फ साठलेला असतो, दिवस थोडा मोठा झालेला असतो आणि पालखी नाचवायला वेळेत घरी पोचता येतं. फवारणीचं मात्र कुणावर तरी सोपवूनच निघा.

जायचं कसं? मंगला किंवा राजधानी एक्सप्रेसने रत्नागिरीहून निजामुद्दीन, दिल्लीहून कटरा, आणि तिथून जून 2025 मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतने साधारण तीन तासांत श्रीनगर. वाटेत नदीपासून 359 मीटर उंचीवरचा चिनाब पूल लागतो. तो उभारायची जबाबदारी आपल्या कोकण रेल्वेकडे होती, त्यामुळे खिडकीपाशी बसून थोडा भाव खायला हरकत नाही. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. टंगमर्गनंतरचा शेवटचा 13 किलोमीटरचा घाट हिवाळ्यात चाकांना साखळ्या लावून चढतात. बर्फ पडला की रस्ता अडतो, म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

प्रीपेड सिमवर विसंबू नका. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिकडे चालत नाही. माझा फोन उतरताक्षणी मुका झाला आणि घरी काळजीचा कल्लोळ उडाला. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या.

कपड्यांवर पैसे उधळू नका. जाड कोट आणि गमबूट टंगमर्गला भाड्याने मिळतात. घरून आतले लोकरीचे कपडे, मोज्यांचे तीन-चार जोड, हातमोजे आणि काळा चष्मा न्या. बर्फावरून परतणारं ऊन आपल्या मे महिन्यापेक्षा वाईट भाजतं. खोबरेल तेलाची बाटली नेलीत तर ती तिकडे दगड होते, सुरीने खरवडावं लागतं.

आता स्कीइंग. 1927 मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब काढला, तेव्हापासून हा खेळ या कुरणात रुजलाय. नवख्याने खालच्या सौम्य उतारावरच शिकावं. सगळ्यांत आधी थांबायला शिका: पायांना बांधलेल्या स्कीच्या पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणा, मागची फाकवा, गुडघे वाकवा. तोल गेलाच तर कुशीवर पडा, हात मागे टेकू नका. दोन तासांत काही येत नाही. खरंच शिकायचं असेल तर तिथल्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेच्या वर्गाची आधीच चौकशी करा.

गोंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा, दोन टप्प्यांचा आहे. गुलमर्ग ते कोंगडोरी हा पहिला 1998 मध्ये सुरू झाला. तिथून अफरवत डोंगराच्या अंगाने साधारण 3,950 मीटरपर्यंत नेणारा दुसरा 2005 मधला. तिकीट ऑनलाइन आणि नावानिशी मिळतं, ओळखपत्र जवळ ठेवा. वरचे उतार मुरलेल्या स्कीपटूंचे आहेत, तिथे हिमकडे कोसळतात. समुद्रकाठच्या माणसाने पहिल्याच दिवशी वर जाऊ नये, डोकं ठणकतं. पहिली रात्र श्रीनगरला काढा, पाणी पीत राहा. वारा वाढला की वरचा टप्पा बंद होतो, त्यावर भांडून उपयोग नसतो.

एप्रिलमध्ये खाली चिखल आणि अर्धवट बर्फ असतो. आंबेवाल्याला तेव्हा सवड नसतेच, त्यामुळे फार काही हुकत नाही. मे महिन्यात शाळांच्या सुट्ट्यांची झुंबड उडते.

मला स्वतःला आवडतो तो लावणी आटोपल्यापासून गणपतीपर्यंतचा काळ. आपल्याकडे धो-धो पाऊस, तिकडे पीर पंजालच्या रांगेने मान्सून बराचसा अडवलेला. दुपारी एखादी सर येते, तेवढीच. कुरणात फुलं असतात. गुलमर्ग या नावाचा अर्थच फुलांचं कुरण. अल्पथर तळ्यापर्यंत पायी किंवा घोड्यावरून जाता येतं. 1902 चं सेंट मेरी चर्च निवांत बघता येतं. टेकडीवरचं 1915 चं महाराणी मंदिर मात्र जून 2024 मध्ये आगीत जळालं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तेव्हा लागू असतं, म्हणून दिल्लीच्या पुढच्या गाडीत भरपूर अंतर ठेवा.

कापणी उरकून दिवाळीनंतर निघालात तर गुलमर्गला कुरण पिवळं पडलेलं आणि बर्फ बहुधा नावालाच. तेव्हा मुक्काम श्रीनगरलाच करा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला चिनार लाल झालेले असतात आणि पांपोरच्या शेतांत केशराची फुलं खुडणं चाललेलं असतं. गुलमर्गला एक दिवस पुरे. निघण्यापूर्वी गोंडोला देखभालीसाठी बंद नाही ना, तेवढं विचारून घ्या.