व्हॅरिअ‍ॅक्सचं पोट दुसऱ्या गिटारीत बसवायचंय? आधी ब्रिज मोजा, मग लाकडाला हात लावा

माझ्याकडं लाईन सिक्सची जुनी व्हॅरिअ‍ॅक्स ३०० होती, सेकंडहँड घेतलेली. आतल्या प्रोसेसरनं वेगवेगळ्या गिटारींचे आवाज काढणारी ही इलेक्ट्रिक गिटार. आधीच्या मालकानं ती दोन-तीन उन्हाळे पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि लातूरचं मे महिन्यातलं ऊन काय चीज आहे ते सांगायला नको, नेक पार पिळवटून गेलेला. सातव्या फ्रेटच्या पुढं प्रत्येक नोट खरखर. पण आतलं इलेक्ट्रॉनिक्स एकदम ठणठणीत. मग ठरवलं की घरात एक स्ट्रॅट टाईप गिटार पडूनच आहे, तिच्यात हे सगळं पोट बसवायचं. झालं एकदाचं, आता वाजतीय मस्त, पण जिथं जिथं माती खाल्ली ते लिहून ठेवतो म्हणजे तुम्ही खाणार नाही.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, हे सोल्डरिंगचं काम नाहीच, हे सुतारकाम आहे. लोकांना वाटतंय बोर्ड काढला, बोर्ड बसवला, झालं. तसं नसतंय. या गिटारीला साधे मॅग्नेटिक पिकअप नसतात, ब्रिजवरच्या सहा सॅडलमध्ये (म्हणजे तार टेकते त्या तुकड्यांत) सहा पिएझो (तारेच्या थरथरीचा सिग्नल करणारे सेन्सर) असतात, प्रत्येक तारेचा सिग्नल वेगळा बोर्डावर जातो आणि तिथं प्रोसेसर त्या सिग्नलचा लेस पॉल, टेली, अकॉस्टिक, ज्या गिटारीचा पाहिजे तो आवाज करतो. म्हणजे अर्धी गिटार ब्रिजमध्येच आहे. ब्रिज बोटभर चुकला तर बोर्ड कितीही भारी असू द्या, सूर लागणार नाही.

बॉडी निवडताना भरीव लाकडाची आणि फिक्स ब्रिजची घ्या. ट्रेमोलोची (दांडीनं ब्रिज हलवून सूर वरखाली करायची) असेल तर मागं स्प्रिंगचा खड्डा आधीच असतो, तिथं ब्रिजखाली भरीव लाकडाचा ठोकळा चिकटवून भरावा लागतो, ते डोकं लावायची तयारी असेल तरच जा. लाकडाच्या जातीवर लई वाद घालू नका, मॉडेलिंगमध्ये लाकडाचा आवाज कमीच येतो. सागवानाची नवीन बॉडी करून घ्यायचा मोह मलाही झाला होता, पण वजन धरून बघितलं आणि सोडून दिलं, जागरणाच्या प्रोग्रामला चार तास गळ्यात कोण अडकवणार. स्केल मात्र जुळवा, म्हणजे नट (डोक्याकडची खाचांची पट्टी) ते सॅडल ही तारेची लांबी. माझ्या व्हॅरिअ‍ॅक्सची साडेपंचवीस इंच म्हणजे ६४८ मिलिमीटर, स्ट्रॅटचीही तेवढीच, त्यामुळं तिथं सोपं गेलं.

उघडायच्या आधी गिटार चालू करून सगळी मॉडेल (म्हणजे त्यातले वेगवेगळे गिटारींचे आवाज), सगळ्या तारा वाजवून बघा. आधीच मेलेलं काही असेल तर नंतर आपल्याच हातनं मेलं असं वाटून रात्रभर झोप येत नाही. मग फोटो काढा, प्रत्येक कनेक्टरचा जवळून, तीन-तीन. मेडिकलची पांढरी चिकटपट्टी घेऊन प्रत्येक वायरवर नंबर टाका, जाडी ई तार सहा आणि बारीक ई तार एक. स्टॅटिकची भीती इकडं हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत जास्त, नायलॉनचं स्वेटर घालून बोर्डाला हात लावू नका, काम सुरू करायच्या आधी अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूला हात लावत जा. सॉकेट असेल तर सॉकेटमधनंच काढा, वायर कापू नका. पिएझोच्या वायरी बारीक शिल्डेड असतात, कापून जोडल्या की घरघर आलीच म्हणून समजा. आणि सॅडलजवळ सोल्डरिंग गन अजिबात नेऊ नका, पिएझो जास्त तापला की त्याची ताकद जाते आणि ती परत येत नाही.

आता जुन्या गिटारीचा ब्रिज नव्या बॉडीवर बसवायचा. इथं घाई केली तर सगळं वाया. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा, ६४८ च्या स्केलला ३२४ यायला पाहिजे. तेवढंच अंतर बाराव्या फ्रेटपासून पुढं मोजा, तिथं बारीक ई चं सॅडल आलं पाहिजे, आणि ते सॅडल स्क्रूवर जवळजवळ पूर्ण पुढं असताना. कारण इंटोनेशन करताना (म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून सॅडल मागंपुढं करताना) बाकीची सॅडल मागंच जातात, जाड ई तर चार-पाच मिलिमीटर मागं जाते. सॅडल मधोमध ठेवून ब्रिज ठोकला तर कधी कधी जाड तारेला मागं सरकायला जागाच उरत नाही. मग रुंदी बघा. शिलाईचे दोन दोरे घ्या, नटच्या दोन्ही ई खाचांमधनं ताणून बाहेरच्या दोन सॅडलवर आणा, शेवटच्या फ्रेटवर दोन्ही कडांना सारखी जागा सुटली पाहिजे, अंदाजे तीन मिलिमीटर. एका बाजूला कमी पडली तर ब्रिज केसभर सरकवा आणि परत दोरा लावा. मी हे सात वेळा केलं, घरचे विचारायलेत मशीनचा दोरा कुठं गेला. उंचीपण बघून घ्या. नवीन ब्रिज जुन्यापेक्षा उंच असेल तर तारा हवेत राहतात, तेव्हा नेकच्या खाचेत पातळ विनिअरचा तुकडा टाकून नेक वर घ्यावा लागतो.

मग मागचा खड्डा. बोर्ड, नॉबचे छोटे बोर्ड, बॅटरीचा डबा, सगळं गिटारच्या पाठीवर ठेवून पुठ्ठ्यावर आखून कापा. नॉब कुठं येणार ते तुम्ही ठरवत नाही, बोर्डाची केबल ठरवते, ती पोचली पाहिजे. माझ्याकडं राउटर मशीन नव्हती म्हणून फर्निचरवाल्या मिस्त्रीमामाकडं गेलो. त्यांनी बॉडी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "आरं, चांगली वाजायली गिटार, कशाला पोखरायलास?" समजावून सांगेपर्यंत चहा संपला. पण पुठ्ठा बघितल्यावर त्यांनीच विचारलं, समोरचं लाकूड किती ठेवायचं? हाच खरा प्रश्न आहे. स्ट्रॅटची बॉडी साधारण ४५ मिलिमीटर जाड असते, समोर कमीत कमी सहा ठेवा. एका दमात खोल जाऊ देऊ नका, तीन-चार मिलिमीटरचे फेरे घ्यायला सांगा, नाहीतर लाकूड जळतं आणि कडा उडतात. आणि मिस्त्रीला बोर्ड देऊच नका, पुठ्ठा द्या. तिथला भुस्सा इतका बारीक की सगळ्या सॉकेटात जाऊन बसतो.

शिल्डिंगला, म्हणजे बाहेरची घरघर अडवायला, खड्ड्यात कॉपर टेप लावा. लातूरच्या गंजगोलाई बाजारात चार हार्डवेअरची दुकानं फिरलो, कॉपर म्हणलं की नळीच दाखवायलेत, आणि एकानं अ‍ॅल्युमिनियमचा टेप दिला. तो चालत नाही असं नाही, पण त्याच्या गमातनं करंट जात नाही, तुकडे एकमेकांना जोडले जात नाहीत, आणि घरच्या साध्या सोल्डरनं त्यावर डाग धरत नाही. शेवटी ऑनलाईन मागवला. बोर्ड जिथं टेकतो तिथं टेपवर प्लास्टिकची जाड पट्टी लावा, नाहीतर चालू करताच शॉर्ट. जुन्या गिटारीत ब्रिजला अर्थची वायर असेल तर ती तशीच परत लावा.

आता माझी चूक ऐका. ब्रिज आवळला, तारा चढवल्या, चालू केलं, पाच तारा वाजतात आणि जी (G) तार मुकी. दोन तास बोर्डावर शंका घेत बसलो. शेवटी ब्रिज परत उचलला तर जी ची वायर प्लेटीखाली चेपून चपटी झालेली, एकदम शेवयीसारखी. नशीब तुटली नव्हती, शिल्ड आतल्या तारेला टेकलेलं तेवढं सोडवलं आणि वाजायला लागली. तेव्हा भोकांच्या कडा पॉलिश पेपरनं गोल करा, ब्रिज आवळताना एक एक वायर खालनं हलकी ओढत राहा. आणि तारा चढवायच्या आधी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं प्रत्येक सॅडलवर हळूच टकटक करा, अ‍ॅम्पमधनं सहाही ठिकाणी ठक आवाज आला पाहिजे.

पॉवरचं म्हणाल तर या जुन्या मॉडेलला सहा ए ए सेल लागतात आणि ते भराभर संपतात. स्टीरिओ केबल लावून पॉवरच्या डब्यावर चालवणं बरं, पण आपल्याकडं कार्यक्रमात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून सेलचा डबा काढून टाकू नका, जागा करा. इंटरनेटच्या केबलसारखा दिसणारा जो जॅक असतो तो कॉम्प्युटरच्या किंवा वायफायच्या डब्याच्या पोर्टात कधीच घालू नका, दिसायला तसाच आहे पण काम वेगळं आहे, उडवून बसाल. स्ट्रॅटचे जुने मॅग्नेटिक पिकअप ठेवायचे असतील तर ठेवा, पण त्यांना वेगळा जॅक द्या, दोन्ही एकाच जॅकवर जोडायचा जुगाड करू नका.

शेवटची तपासणी बारा तारांच्या मॉडेलवर करा. यात जाड चार तारांना वरचा सप्तक मिसळलेला ऐकू येतो, बी आणि बारीक ई ला मात्र तोच सूर दुप्पट होतो. बी वाजवल्यावर वरचा सप्तक ऐकू आला तर समजा कुठंतरी दोन वायरींची अदलाबदल झाली. साध्या मॉडेलवर ही चूक कानाला पकडता येत नाही, मी दोन दिवस तशीच वाजवत होतो.

मागच्या प्लेटीचे सगळे स्क्रू लगेच लावत बसू नका. दोनच लावा, आठवड्यात परत उघडावं लागतंयच.