क्रॉलर गडावर न्यायचाय? आधी लॉकटाइट

क्रॉलर म्हणजे दगडांवरून चढवायची रिमोटची छोटी गाडी. ती घेऊन रविवारी बेळगावजवळच्या राजहंसगडाला जायचं असेल तर तयारीला शुक्रवारी रात्री बसा, शनिवारी नव्हे. कारण एकच, निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद. ते वीसेक मिनिटांत धरतं, पण पुरतं आवळायला २४ तास घेतं. मागच्या खेपेला मी पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, बदलायला आख्खी गाडी उघडली, सगळं झकास बसवलं आणि नेमकं हेच विसरलो. गडाखालच्या येळ्ळूरच्या बाजूनं पहिलाच बरा दगड लागला. मोटर गुरगुरतेय, मागची चाकं ढिम्म. चाकांकडे फिरकी नेणाऱ्या दांड्याचा, म्हणजे शाफ्टचा, ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारका स्क्रू) गळून पडलेला. तांदळाच्या दाण्याएवढा काळा स्क्रू, खाली जांभ्याची लाल खडी. मी आणि भाचा पाऊण तास गुडघ्यावर. मेंढरं घेऊन जाणारा एक म्हातारा थांबला, "एन कळकोंड्री? बंगारेन?" म्हणजे कानडीत, काय हरवलं, सोनं का? सोनं पडलं असतं तर निदान चमकलं तरी असतं.

तर, कारखान्यातून येताना स्क्रूंना लॉकटाइट असतं म्हणून गाफील राहू नका. एकदा उघडलात की ते गेलं, नव्यानं लावायचं. कुठं? पिनियनचा ग्रब स्क्रू, दोन्ही शाफ्टचे स्क्रू, मोटर धरणारे दोन, सर्व्होच्या (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या) हॉर्नचा, म्हणजे तिच्यावर बसणाऱ्या दांडीचा, एक. आधी स्पिरिटनं तेल पुसा, तेलावर ते धरत नाही. एक थेंब बास. आणि फक्त धातूत धातू जातो तिथंच, प्लास्टिकला लागलं तर प्लास्टिक तडकतं. लाल बाटली घेऊ नका, ते सोडवायला नंतर स्क्रू तापवावा लागतो. बाहेर आलेला थेंब ओला राहिला म्हणून घाबरू नका, हवा लागते तिथं ते घट्ट होतच नाही. पिनियनचा स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवरच यायला हवा, गोल बाजूवर आवळलात तर लॉकटाइटची आख्खी बाटली ओतूनही घसरणारच.

वजन. पुढं आणि खाली, एवढं लक्षात ठेवा. पुढं साठ, मागं चाळीस टक्के असं काहीसं बसलं की चढावर गाडी मागं उलटत नाही. पुढच्या अ‍ॅक्सलवर पितळ घाला. बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांत ओळखीचा लेथवाला असेल तर चाकातल्या पितळी रिंगा तिथंच होतील, बाहेरून कशाला मागवता? पण चाकात पितळ घातलं की सर्व्होवर ताण येतो. जुना सर्व्हो दगडात अडकलेलं चाक वळवणार नाही, २५ किलो जोराच्या पुढचा घ्या आणि त्याला वेगळा बीईसी द्या, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज उतरवून सर्व्होला वीज देणारं सर्किट. नाहीतर जोर लावला की रिसीव्हरचा (गाडीत रिमोटचा इशारा घेणाऱ्या डबीचा) करंट तुटतो आणि गाडी चढावरच मान टाकते. हॉर्न बसवायच्या आधी सर्व्हो चालू करून मध्यावर आणा. हॉर्नचा स्क्रू, लॉकटाइट. सांगितलंय, तरी परत सांगतोय. टपावर कॅन, फावडी, शिडी लावायची हौस असेल तर ती घरच्या कपाटात ठेवायच्या गाडीला करा.

टायरात फोम आतून कडक, बाहेरून मऊ. जांभ्याच्या खरबरीत दगडावर मऊ टायर छान चिकटतो आणि झिजतोही लवकर, दोन्ही एकदमच. शॉक ढिले हवेत, गाडी स्वतःच्या वजनानं बरीच खाली बसली पाहिजे. पिनियन आणि मोठ्या गिअरमध्ये कागदाची पट्टी घालून मोटर आवळा, मग पट्टी ओढून काढा. तेवढीच फट.

ईएससीवर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीवर, बॅटरीचा प्रकार ठरवणारी छोटी पिन असते, तो जंपर. तो लायपोवरच (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) आहे ना, हे बघा. तो दुसरीकडे असला तर सेल उतरत जातो, गाडी थांबवत नाही आणि संध्याकाळी बॅटरी फुगलेली मिळते. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, ३.२ च्या आसपास कट व्हायला हवा, घरी ठेवायचा तर ३.८. ड्रॅग ब्रेक, म्हणजे ट्रिगर सोडला की आपोआप लागणारा ब्रेक, १०० टक्के, नाहीतर उतारावर गाडी तुमच्या आधी येळ्ळुरात पोचेल.

बाकीचं काय, रिमोटचे सेल, पाणी, टोपी. रिमोट आधी चालू, गाडी नंतर. बंद करताना उलटं.

आणि दीड, दोन, अडीच मिलिमीटरच्या एलन की. डबीत जादा ग्रब स्क्रू, चार तरी. निघताना प्रत्येक स्क्रूवरून शेजारच्या भागावर पांढऱ्या मार्करची रेघ ओढा. गडावर दर अर्ध्या तासानं गाडी उलटी करून बघा. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरलाय. तिथंच थांबा, खडीत शोधायची वेळ आणू नका.