पॉल चेंबर्सचं बोट धरून: जॅझ अल्बम कसे जमवावेत, कसे ऐकावेत

जॅझचा संग्रह सुरू करताना बहुतेक जण 'सर्वोत्तम शंभर' छापाची यादी समोर ठेवतात. कपाट भरतं, पण एका अल्बमचा दुसऱ्याशी काय संबंध ते कळत नाही. त्यापेक्षा कव्हरची मागची बाजू वाचायची सवय लावा. पुढे मोठ्या अक्षरांत नाव एकाचं असतं, वाजवणारे पाच-सहा असतात. त्यांची नावं आणि वाद्यं, कधी रेकॉर्डिंगच्या तारखाही, मागे छापलेल्या असतात. त्यातलं एक नाव निवडा आणि त्याचा माग काढत जा. हे नाव लीडरचं नसलेलं बरं. डबल बेस किंवा ड्रम्सवाला घ्या, कारण ही मंडळी एकाच काळात कितीतरी जणांच्या रेकॉर्डवर सापडतात.

उदाहरण म्हणून बेसवादक पॉल चेंबर्स घ्या. सप्टेंबर १९५७ मध्ये तो सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'वर आहे, जानेवारी १९५८ मध्ये पियानोवादक सॉनी क्लार्कच्या 'कूल स्ट्रटिन'वर. मार्च-एप्रिल १९५९ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वर आणि लगेच मे महिन्यात पुन्हा कोल्ट्रेनबरोबर 'जायंट स्टेप्स'वर. लीडर तीन, कंपन्याही तीन (ब्लू नोट, कोलंबिया, अटलांटिक), बेस मात्र तोच. 'जायंट स्टेप्स'ची शेवटची रचना 'मिस्टर पी.सी.' ही त्याच्याच नावाची. पहिले दोन महिने हे चार अल्बम पुरतात. पाचवा आणायची घाई झालीच, तर आधी चारही अल्बमांवरचे ड्रमर कोण ते न बघता सांगता येतंय का पाहा.

ऐकायचं माप म्हणजे एक साइड. एलपीची (लाँग प्ले तबकडीची) एक बाजू साधारण १८ ते २२ मिनिटांची असते आणि कान तेवढाच वेळ खऱ्या अर्थाने जागा राहतो. सीडीवर किंवा ऑनलाइन ऐकत असाल तर जादा टेक (त्याच रचनेची पुन्हा वाजवून रेकॉर्ड केलेली रूपं) बंद करा. काही पुनर्मुद्रणांत एकाच रचनेचे दोन टेक पाठोपाठ लावलेले असतात, त्याने मूळ क्रम पार विस्कटतो. ते टेक अभ्यासाला उत्तम, पण नंतर.

पहिल्यांदा साइड नुसती ऐका, हातात काही नको. दुसऱ्यांदा मात्रा मोजा. बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडून देतात, आणि सगळं कुलूप तर इथेच उघडतं.

'फ्रेडी फ्रीलोडर' ही 'काइंड ऑफ ब्लू'मधली दुसरी रचना मोजायला सगळ्यात सोपी. हा बारा बारांचा ब्लूज आहे: दर बारला चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. मोजताना पहिल्या मात्रेच्या जागी बारचा आकडा म्हणा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं बारापर्यंत. सुरुवातीची धून दोन आवर्तनं चालते, मग सोलो सुरू होतात. क्रम असा: विंटन केलीचा पियानो, माइल्सचा ट्रम्पेट, कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, कॅननबॉल अॅडर्लीचा आल्टो आणि शेवटी चेंबर्स. प्रत्येक आवर्तन पुरं झालं की कागदावर एक रेघ मारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. रेघा जुळल्या नाहीत तर मधे कुठेतरी सम सुटली आहे.

सम सुटते ती बहुतेकदा सोलो रंगात आल्यावर, कारण कान सुरावटीमागे धावतो आणि सोलोवाला मुद्दाम आवर्तनाची हद्द ओलांडून वाजवतो. अशा वेळी त्याला सोडा आणि खाली बेसकडे जा. पाचव्या बारला बेस षड्जावरून मध्यमावर सरकतो, नवव्याला पंचमावर. ही दोन वळणं ओळखू आली की हरवल्यावरही चार बारांत पुन्हा रस्ता सापडतो. ड्रमरच्या डाव्या पायातली हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर 'चिक्' वाजते. टाळी द्यायची सवय पहिल्या मात्रेवर असेल तर सुरुवातीला हे उलटं वाटतं.

ब्लूज पक्का झाला की त्याच साइडवरची पहिली रचना 'सो व्हॉट' लावा. हिचं आवर्तन ३२ बारांचं, आठ-आठच्या चार तुकड्यांत. पहिले दोन तुकडे एका स्वरसमूहात, तिसरा अर्ध्या स्वराने वर, चौथा परत खाली. हा स्वरसमूह म्हणजे डोरियन, आपल्या काफी थाटाचेच स्वर. तिसरा तुकडा सुरू होताना सगळा बँड एक पायरी चढल्यासारखा वाटतो. ती पायरी न मोजता ऐकू यायला लागली की मोजणं बंद करा, त्याचं काम झालं.

तिसऱ्या फेरीत फक्त बेस, चौथ्या फेरीत ड्रमरची राइड झांज (काठीने सतत ताल धरायची मोठी झांज), पाचव्यात सोलोमागे पियानो काय करतोय ते. इथे एक तुलना हाताशीच आहे. 'काइंड ऑफ ब्लू'वर फक्त 'फ्रेडी फ्रीलोडर'ला केली आहे, बाकी सगळीकडे बिल एव्हान्स. केली ताल टोचत राहतो, एव्हान्स सूर पसरून जागा सोडतो. बेस ऐकूच येत नसेल तर आवाज वाढवण्याआधी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि चेंबर्सचे वेगवेगळे स्वर एकच गडगडाट होऊन येतात. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा.

यानंतरचा धडा म्हणजे एकच धून दोघांकडून ऐकणं. 'बॉडी अँड सोल' आधी कोणत्याही गायिकेच्या आवाजात ऐकून चाल पाठ करा. मग सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सचं ११ ऑक्टोबर १९३९ चं रेकॉर्डिंग लावा. तीन मिनिटांच्या त्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे) तबकडीत तो मूळ चाल सुरुवातीला जेमतेम दाखवतो आणि उरलेला सगळा वेळ तिच्या कॉर्ड्सवर (चालीखालच्या स्वरगुच्छांवर) नवीन सुरावट रचतो. चाल पाठ नसेल तर त्याने काय सोडून दिलं ते कळणारच नाही. त्यानंतर कोल्ट्रेनचं १९६० चं रेकॉर्डिंग ऐका. तो चाल ठेवतो आणि तिच्याखालची जमीन, म्हणजे कॉर्ड्स, बदलतो.

आता खरेदी. जुनी रेकॉर्ड घेताना कव्हरच्या प्रेमात पडण्याआधी तबकडी दिव्याखाली तिरपी धरा. वरून सरळ उजेडात सगळंच चकचकीत दिसतं, ओरखडे दिसतात ते तिरप्या उजेडात. नखाला न लागणारे केसासारखे ओरखडे बहुधा फारसे ऐकू येत नाहीत. नखाला अडकणारा ओरखडा मात्र दर फेरीला टिक् करणार, किंवा सुई उडवणार. मग मधल्या भोकाभोवती पाहा: लेबलवर बारीक रेषांचं जाळं असेल तर रेकॉर्ड अनेकदा, अंधारात चाचपडत लावलेली आहे. काळा रंग करडा, निस्तेज झाला असेल तर खाचा झिजल्या आहेत आणि ट्रम्पेटचे वरचे स्वर फाटणार. झीज धुऊन जात नाही. दर्जाच्या खुणांनीही फसू नका: 'व्हीजी' म्हणजे 'फार चांगली' असं वाचलं तरी व्यवहारात तिच्यात खरखर असतेच. जॅझमध्ये शांत जागा खूप असतात, म्हणून 'व्हीजी प्लस'च्या खाली सहसा जाऊ नये.

पहिली आवृत्ती ओळखायची तर नुसत्या लेबलवर विसंबू नका, लेबलालगतच्या कोऱ्या पट्टीत काय कोरलंय ते भिंगाने वाचा. ब्लू नोटच्या जुन्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' ही खूण आणि प्लास्टीलाइट कारखान्याची कानासारखी दिसणारी खूण सापडते. लिबर्टी कंपनीने ब्लू नोट घेतल्यावर १९६६ मध्ये कानाची खूण गेली, पण उरलेली जुनी लेबलं काही काळ वापरली गेली. म्हणून लेबल जुनं, पट्टीत कान नाही, अशा रेकॉर्डला पहिल्या आवृत्तीचा भाव देऊ नये.

पहिली आवृत्ती म्हणजे सर्वात बरोबर आवृत्ती, असंही नाही. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या साइडचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा मुख्य टेपयंत्र हळू फिरत होतं. त्यामुळे जुन्या सगळ्या प्रतींवर त्या तीन रचना किंचित चढ्या स्वरात वाजतात. दुरुस्ती झाली ती १९९२ मध्ये, दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून. सोबत वाद्य घेऊन बसणाऱ्याने नंतरचीच प्रत घ्यावी, नाहीतर आपलंच वाद्य उतरलंय असं वाटत राहील. मोनो (एकाच चॅनलच्या) रेकॉर्डिंगला साठच्या दशकात ओढूनताणून स्टीरिओ केलेल्या प्रतीही टाळा, त्यांतला घुमारा खोटा असतो. अस्सल मोनो तबकडी लावताना अॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. मोनो खाचेत वर-खाली असा काही सूर कोरलेला नसतो, तिथे असते ती धूळ आणि झीज, आणि दोन्ही चॅनल एक झाले की तो आवाज बराचसा आपोआप कटतो.

धुण्यासाठी डिस्टिल्ड पाणी वापरा. नळाच्या पाण्यातले क्षार खाचेत वाळतात आणि रेकॉर्ड आधीपेक्षा जास्त कडकडते. एक लिटर पाण्यात बिनवासाच्या सौम्य डिश लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळून उभी वाळत ठेवा. ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. त्या एलपीच्या सुईनेही वाजवू नयेत, त्यांची खाच कितीतरी रुंद असते.

सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर दिलेला ठेवा, तो बहुधा दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास असतो, आणि छोट्या काट्यावर मोजून घ्या. रेकॉर्ड जपायची म्हणून भार कमी करणं ही नेहमीची चूक: हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, भिंतींवर आपटते आणि भारी सुईपेक्षा जास्त नुकसान करते. साइडच्या शेवटी सॅक्सोफोन चरचरत असेल तर लगेच रेकॉर्डला दोष देऊ नका. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच सुरांना निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून कार्ट्रिजचा कोन थोडा जरी चुकला तरी तिथेच उघडा पडतो. प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची पट्टी) ठेवून कोन तपासा. सुई ५०० ते १००० तास टिकते. एका अल्बमला ४० मिनिटं धरली तर ५०० तासांत साडेसातशे अल्बम होतात.

रेकॉर्ड उभ्या ठेवा, तिरप्या नाही, आणि आडव्या थप्पीत तर अजिबात नाही. एक मीटर फळीवर पन्नास किलोच्या वर वजन येतं, तेव्हा फळीला मधे आधार हवा. आतलं वेष्टन पॉलिथिनचं घ्या, पीव्हीसी तबकडीवर धुरकट डाग सोडतं.

नोंदवहीत अल्बम प्रकाशनाच्या नव्हे, रेकॉर्डिंगच्या तारखेने लावा. वर सांगितलेला कोल्ट्रेनचा 'बॉडी अँड सोल' ऑक्टोबर १९६० मध्ये वाजवलेला, पण तो असलेला अल्बम बाजारात आला १९६४ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात 'अ लव्ह सुप्रीम' रेकॉर्ड झाला. प्रकाशनाचं वर्ष धरलं तर दोन्ही शेजारी बसतात आणि मधली चार वर्षं गायब होतात. दर नोंदीखाली सगळ्या वादकांची नावं लिहा आणि वहीच्या शेवटी दर वादकाला एक पान द्या. चेंबर्सच्या पानावर चार तारखा आधीच आहेत. 'ब्लू ट्रेन' आणि 'कूल स्ट्रटिन' दोन्हींवर ड्रम्सला फिली जो जोन्स आहे, तेव्हा पुढचं पान त्याचं.